अर्धसत्य (चित्रपट)

अर्धसत्य : हिंदी गुन्हेपट, १९८३. दिग्दर्शन व छायाचित्रण गोविंद निहलानी. मूळ मराठी कथा श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’. पटकथा विजय तेंडुलकर, संवाद वसंत देव, संकलन रेणू सलुजा. निर्माते मनमोहन शेट्टी व प्रदीप उप्पूर. कलावंत : ओम पुरी (सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर), स्मिता पाटील (ज्योत्स्ना गोखले), सदाशिव अमरापूरकर (रामा शेट्टी), अमरीश पुरी (अनंतचे वडील), शफी इनामदार (हैदर अली), नसीरुद्दीन शाह (माइक लोबो).

कथानक : मुंबई पोलिसांतला एक प्रामाणिक, तापट फौजदार गुंड रामा शेट्टीच्या मागे लागतो. वरून येणारे फोन आणि आतून पोखरणारी दारू यांत त्याचा तोल जातो आणि त्याच्या हातून कोठडीत एक मनुष्य मरतो. मदतीसाठी त्याला शेट्टीच्याच दारात जावे लागते. तिथे तो शेट्टीचा गळा दाबतो आणि स्वतःहून ठाण्यावर हजर होतो.

पार्श्वभूमी : हिंदी पडद्यावर संतापलेला इन्स्पेक्टर ‘जंजीर’पासून (१९७३) रुळला होता. मात्र त्या चित्रपटात नायकाचा राग बरोबर माणसावर जाऊन पडतो आणि प्रेक्षक टाळ्या पिटतो. ‘अर्धसत्य’ आला तेव्हा मुंबईने नुकतेच १९८२ साल पाहिले होते. जानेवारीत वडाळ्याला पोलिसांच्या गोळ्यांनी गुंड मन्या सुर्वे मारला गेला, त्याच महिन्यात गिरणी संप सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये खुद्द पोलीसच रस्त्यावर उतरले. खाकी वर्दीकडे बघण्याची नजर बदललेली होती.

नायक : अनंतचे दुबळेपण पटकथेने सुरुवातीला झाकून ठेवले आहे. वडील गावाकडे पोलिसांत होते, हाताने जड. आईवर त्यांचा हात क्षुल्लक कारणाने उठे आणि लहानगा अनंत नुसता बघत राही. कॉलेज संपल्यावर त्याला पुढे शिकायचे होते, पण वडिलांनी त्याला वर्दीत घातले. हे सगळे तो ज्योत्स्नाला सांगतो, तेही वरिष्ठांनी एक प्रकरण दिल्लीच्या ओळखीने मिटवून त्याची नोकरी वाचवल्यावर. त्यामुळे बालपणीची हकीकत सहानुभूती मिळवण्यासाठी चिकटवल्यासारखी वाटत नाही. अन्याय समोर दिसत असताना हात बांधलेले असणे हा त्याचा जुनाच अनुभव असतो.

रेडिओचोराचा प्रसंग या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. मुंबईबाहेरच्या डोंगरात जीव धोक्यात घालून अनंत एका डाकूला पकडतो. श्रेय भलत्याच अधिकाऱ्याच्या नावावर जाते. तो पितो. त्यानंतर कोठडीत त्याच्यासमोर येतो रेडिओ चोरल्याचा आरोप असलेला एक फाटका माणूस. दुसऱ्याच्या मालकीचे का घेतलेस, असे ओरडत अनंत त्याला मारत सुटतो. ज्याने त्याचे श्रेय चोरले त्याला तो शब्दानेही दुखवू शकलेला नसतो. बापाचा हात मुलाच्या मनगटातून बाहेर पडतो, आणि पटकथा हे कोणा पात्राच्या तोंडून वदवून घेत नाही. तेंडुलकरांच्या लेखनातल्या सर्वांत संयमित जागांपैकी ही एक म्हणावी लागेल.

दिलीप चित्रे यांच्या कवितेच्या वाचनाचा प्रसंगही याच जातीचा. ज्योत्स्ना साहित्याची प्राध्यापिका. तिच्याजवळचे पुस्तक उघडून अनंत सहज, हलक्या सुरात वाचू लागतो. पुढे त्याचा आवाज जड होत जातो. ओम पुरींच्या चेहऱ्यावर तेवढ्या अवधीत जे घडते त्यासाठी दुसऱ्या चित्रपटाला दोन प्रसंग खर्ची घालावे लागले असते.

निलंबित, दारूत बुडालेला लोबो हा अनंतला दिसणारा त्याचाच पुढचा मुक्काम. शाह यांची ही भूमिका लहान आहे.

खलपात्र : त्या काळचा हिंदी खलनायक दुरून ओळखू येई. ‘शोले’तला गब्बर दरडावी, ‘शान’मधल्या शाकालला आख्खे बेट लागे. रामा शेट्टीला फक्त टेलिफोन लागतो. जळालेल्या, मरणाच्या दारातल्या माणसाच्या जबानीत शेट्टीचे नाव येते. ती घेऊन अनंत त्याला अटक करायला जातो. शेट्टी कुणाला तरी फोन लावतो आणि पलीकडून वरिष्ठाचा हुकूम येतो : परत फिर. शेट्टीला महापालिकेची निवडणूक लढवायची असते, एवढाच प्रश्न. अनंतला तो वैरी मानत नाही, कामाचा माणूस मानतो, आणि शेवटी त्याला वाचवू शकणारा तोच एकटा असतो. या चित्रपटात शेट्टीपेक्षा नायकच स्वतःच्या हाताने अधिक मारहाण करतो, हे लक्षात आले की दोघांना नेहमीच्या खणांत बसवणे अवघड होते.

अनंतचा वरिष्ठ हैदर अली याच्याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे. तो सज्जन आहे, अनंतवर त्याची माया आहे आणि प्रत्येक तडजोडीचा रस्ता तोच दाखवतो. अशा भल्या माणसांवाचून शेट्टीचे एक दिवस चालणार नाही.

अमरापूरकर (१९५०–२०१४) मूळचे नगरचे, रंगभूमीवरचे नट. ‘हँड्स अप’ या मराठी नाटकात निहलानींनी त्यांना हेरले. सपाट, घाई नसलेले बोलणे ही त्यांनी या भूमिकेला दिलेली खास गोष्ट.

नाट्यपरंपरेशी नाते : तेंडुलकरांनी नेहरू फेलोशिपवर हिंसाचाराचा अभ्यास केला होता, घरातली हिंसा ‘गिधाडे’त आणि सत्तेने पोसलेली हिंसा ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) त्याआधीच येऊन गेली होती. ‘अर्धसत्य’मध्ये दोन्ही एकत्र येतात. घाशीरामही शहराचा बंदोबस्त पाहणाराच. त्याचा अधिकार नाना फडणवीसांनी दिलेला आणि नानांनीच काढून घेतलेला. या नाटकावरच्या १९७६ च्या मराठी चित्रपटात घाशीराम केला होता ओम पुरींनी. वेलणकर घाशीरामाइतका पतित नाही, तरी उसन्या अधिकाराचा पेच तोच.

शेवट : मतभेद आहेत. काहींना शेट्टीचा खून लोकप्रिय सिनेमाला दिलेली सवलत वाटते, काहींना पराभवाची कबुली. गळा दाबल्यावर अनंत पळत नाही, हे दुसऱ्या मताच्या बाजूने जाते.

संगीत : अजित वर्मन.

पुरस्कार व पुढील प्रभाव : सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, ओम पुरींना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार व कार्लोव्ही व्हारी महोत्सवाचे पारितोषिक (१९८४). फिल्मफेअर : चित्रपट, दिग्दर्शन, कथा, पटकथा, सहायक अभिनेता (अमरापूरकर). फिल्मफेअरचे अभिनयाचे पारितोषिक मात्र त्या वर्षी ‘मासूम’साठी शाह यांच्याकडे गेले. ‘शूल’मध्ये (१९९९) प्रामाणिक पोलीस आणि राजकारणी गुंड यांची जोडी पुन्हा दिसते, तिथला गुंड सयाजी शिंदे या आणखी एका मराठी नटाने उभा केला. फिल्मफेअरने नकारात्मक भूमिकेसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला तेव्हा तो पहिल्यांदा मिळाला अमरापूरकरांनाच, ‘सडक’मधल्या (१९९१) महारानीसाठी.