फुप्फुसांची जलपरीक्षा

एखादें तान्हें मूल मृत सांपडलें, तर तें श्वास घेऊन मग मेलें कीं मृतच जन्मलें, या प्रश्नाच्या उत्तरावर युरोपांत कित्येक स्त्रियांचें जीवित अवलंबून असे.

गर्भाचें फुप्फुस लालसर, घट्ट व जड असतें आणि जन्मानंतर तें फिकट व हलकें होतें, ही गोष्ट दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य गॅलेन यास ठाऊक होती. श्वास घेतलेल्या अर्भकाचें फुप्फुस पाण्यावर तरंगतें, हें डच शरीरशास्त्रज्ञ स्वामरडाम यानें १६६७ सालीं नमूद केलें. कारण सोपें आहे. फुप्फुसांत एकदां शिरलेली हवा पुन्हा पूर्णपणें बाहेर पडत नाहीं. आम्ही शिक्षक वर्गांत बूच व खडा पाण्यांत टाकून जें दाखवीत असूं, तेंच हें.

१६८१ सालीं जर्मनींतील झाइट्स येथें पंधरा वर्षांच्या एका मुलीवर अर्भकहत्येचा आरोप आला. मूल मेलेलेंच जन्मलें, असें ती सांगे. नगरवैद्य योहान श्रायर यानें फुप्फुसें पाण्यांत टाकलीं. तीं तळाशीं गेलीं, आणि शेवटीं ती मुलगी सुटली.

येथपर्यंत ठीक होतें. परंतु बुडण्यानें सुटका, तर तरंगण्यानें अपराध सिद्ध, असा उलटा अर्थ काढण्याचा मोह कोणास आवरणार? त्यांतून इंग्लंडांतील १६२४ चा कायदा तर विलक्षणच. अविवाहित मातेनें अर्भकाचा मृत्यु लपविला, तर तें मृतच जन्मलें हें तिनें निदान एका साक्षीदाराकडून सिद्ध करावें, नाहीं तर फांशी! एकांतांत बाळंत झालेली भेदरलेली पोर साक्षीदार आणणार कोठून?

नामांकित प्रसूतितज्ज्ञ विल्यम हंटर यांचा या विषयावरील निबंध त्यांच्या निधनानंतर, १७८३ सालीं, लंडनच्या वैद्यकसभेंत वाचला गेला. कुजूं लागलेल्या फुप्फुसांत वायु सांचतो व तीं तरंगतात; कांहीं मुलें दोनचार श्वास घेऊन आपोआप दगावतात; आणि निपचित मुलाच्या तोंडांत कोणी फुंकर घातली, तरी हवा आंत जातेच. म्हणजे जी आई मुलाला जगविण्यासाठीं फुंकर घालील, तिच्याच विरुद्ध तो पुरावा व्हावयाचा! आजही न्यायवैद्यक केवळ या एका परीक्षेवर विसंबत नाहीं.

१८०३ सालीं तो जुना कायदा रद्द झाला, आणि मूल जिवंत जन्मल्याचें सिद्ध करण्याचा भार फिर्यादी पक्षावर आला. खून शाबीत न झाल्यास जन्म लपविल्याबद्दल दोन वर्षांपर्यंत कैद मात्र नव्या कायद्यानें ठेवलीच.