चावडी, कचेरी आणि ओरस

कसालच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला मालवणचा रस्ता फुटतो. तिथून दक्षिणेला थोड्याच अंतरावर ओरस, म्हणजे आजची सिंधुदुर्गनगरी. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. नाव घेतले मालवणच्या समुद्रातील किल्ल्याचे. मुख्यालय मात्र आले या आडगावी. सावंतवाडीपाशी संस्थानी राजधानीचा वारसा होता, मालवण-वेंगुर्ल्यापाशी बंदरांचा. त्यांना वगळून जिल्ह्याच्या मध्याजवळ नवी नगरी योजली गेली. शंभर किलोमीटरहून दूरच्या रत्नागिरीला खेटे घालणाऱ्यांची सोय झाली, हे खरेच. पण बाजारपेठ, देऊळ, तळे यांच्या शेजाराने कचेरीला जे सार्वजनिकपण आपसूक मिळते, ते इथे मिळाले नाही.

चावडीला ते होते. वसुली आणि गावगप्पा एकाच ओट्यावर चालत. महसुली नोंदी गावासमोर वाचून दाखवण्याला आजही ‘चावडीवाचन’च म्हणतात. अर्थात तो ओटा सर्वांचा नव्हता. महाराला तिथे काम होते, बैठक नव्हती. चावडीविषयी हळवे होताना आपण हे सोयीस्कर विसरतो.

आधुनिक कचेरीने कायद्याने दार सर्वांना उघडले, आणि मग त्या दारावर पासची खिडकी बसवली. मुंबईत १९५५ साली सचिवालयाची इमारत झाली. १९७५ मध्ये तिला ‘मंत्रालय’ हे नाव मिळाले. २०१८ मध्ये तिथे आत्महत्येच्या घटना घडल्यावर आतल्या चौकावर संरक्षक जाळी ताणण्यात आली. गाऱ्हाणे मांडायला आलेल्यांनी पुढे त्या जाळीचेच व्यासपीठ केले. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तर विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवळ यांनीच आदिवासी आमदारांसह तिच्यावर उडी घेतली! सत्तेतल्या माणसालाही आपले म्हणणे ऐकवण्यासाठी हीच जागा उरावी, याचा अर्थ वास्तुशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

ओरसला अशी उंची नाही, जाळीही नाही. तिथले सार्वजनिक स्थळ नकाशावर आखलेले नसून तारखांनी ठरते. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला दोडामार्गापासून देवगडापर्यंतची माणसे रस्ता, जमीन, थकलेला मोबदला असे विषय घेऊन कचेरीसमोर उपोषणाला बसतात. कारण त्या दिवशी ध्वजारोहणासाठी पालकमंत्री तिथे यायचे असतात.