मुकुट मिळाला, ओळखपत्राचे काय?

पट्टायाची सहल करून आलेले आपले पर्यटक एक मत हमखास ऐकवतात: पारलिंगी व्यक्तींना खरा मान असेल तर तो थायलंडमध्ये. जाणकार त्याला बौद्ध सहिष्णुतेचा आधार देतात. त्यांचा पुरावा क्षुल्लक नाही. पारलिंगी कलाकारांचा ‘टिफनीज शो’ तिथे 1974 पासून चालू आहे. नाँग टूम या नावाने गाजलेल्या पारिन्या चारोएनफोनने 1998 मध्ये ओठ रंगवून लुम्पिनीच्या रिंगणात मुए थाईची लढत जिंकली आणि देश तिच्यावर फिदा झाला. त्रीचदा पेचरत 2004 मध्ये सौंदर्यराणी झाली, पुढे अभिनेत्रीही. पारलिंगी उद्योजिका अ‍ॅन जक्कफोंग यांच्या कंपनीने 2022 मध्ये ‘मिस युनिव्हर्स’ संस्थाच विकत घेतली.

पण याच काळात सरकारी दप्तर काय लिहीत होते? कागदोपत्री पुरुष असलेल्याला थायलंडमध्ये एकविसाव्या वर्षी लष्करभरतीला हजर व्हावे लागते. तिथे कित्येक पारलिंगी स्त्रियांना सूट मिळाली ती ‘कायमचा मनोविकार’ असा शेरा मारून. हाच दाखला पुढे नोकरी मागताना दाखवायचा! सुंदरींचे मुकुटसोहळे टीव्हीवर रंगत होते, तेव्हाही या शेऱ्याचे दाखले हातात होतेच. तो बेकायदा ठरला प्रशासकीय न्यायालयाच्या 2011 च्या निकालाने, आणि दावा लावणारी व्यक्ती कुणी तारका नव्हती. सहिष्णुतेचे म्हणाल, तर पारलिंगी म्हणून जन्मणे म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही समजूतही त्याच लोकधर्मात आहे. कीव म्हणजे मान नव्हे.

मुळात ही लोकप्रियता अटींवर मिळते: सुंदर दिसा, नाहीतर हसवा. समलिंगी आणि पारलिंगी खेळाडूंच्या व्हॉलीबॉल संघावरचा ‘सत्री लेक’ हा विनोदी चित्रपट 2000 मध्ये तुफान चालला. पारलिंगी दिग्दर्शक तन्वारिन सुखापिसित यांनी मात्र पारलिंगी पालकाच्या घरातली वेदना गंभीरपणे मांडली, तेव्हा 2010 मध्ये त्यांच्या चित्रपटावर बंदी आली. त्याच तन्वारिन 2019 मध्ये खासदार झाल्या, हे मला कोणत्याही मुकुटापेक्षा मोलाचे वाटते.

समलिंगी विवाहाचा कायदा जानेवारी 2025 मध्ये लागू झाला, हा प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा. विजय मोठाच आहे. पण तो कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे झटून मिळवला. शिवाय कागदोपत्री लिंगओळख बदलू देणारे विधेयक संसदेने फेब्रुवारी 2024 मध्ये फेटाळले. म्हणून पारलिंगी स्त्री आज तिथे आवडत्या माणसाशी लग्न करू शकते, पण ओळखपत्रावर तिच्या नावाआधी ‘श्री’च राहते. ‘मिस युनिव्हर्स’ विकत घेणाऱ्या बाईलाही कायदा यातून सूट देत नाही.