जे. आर. रिचर्डचे दुखणे

जे. आर. रिचर्डचा विषय निघाला की बेसबॉलचे जाणकार नशिबाला बोल लावतात. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचा हा सहा फूट आठ इंची पिचर ताशी शंभर मैलांच्या, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरच्या आसपास चेंडू फेकायचा. १९७१ साली पहिल्याच सामन्यात त्याने सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध १५ स्ट्राइकआउट घेतले. १९७८ साली संपूर्ण हंगामात ३०३ आणि पुढच्या वर्षी ३१३. ३० जुलै १९८० रोजी अ‍ॅस्ट्रोडोममध्ये सराव करताना तो पक्षाघाताने कोसळला, तेव्हा तो तीस वर्षांचा होता. मोठ्या लीगमध्ये त्यानंतर तो एकही चेंडू टाकू शकला नाही. यात नशिबाचा भाग असेलही. पण झटका अचानक आला, तरी इशारे कितीतरी आधीपासून मिळत होते, आणि त्यांच्यावर विश्वास का बसला नाही हे नशिबाने उलगडत नाही.

त्या उन्हाळ्यात हात मेल्यासारखा होतो, अशी तक्रार तो करत होता. १४ जुलैला अटलांटाविरुद्ध त्याला कॅचरच्या खुणाही नीट दिसेनात आणि चौथ्या डावातच तो बाहेर पडला. पण तक्त्यात १० विजय, ४ पराभव आणि १.९० धावांची सरासरी होती. शिवाय ८ जुलैच्या ऑल-स्टार सामन्यात नॅशनल लीगतर्फे पिचिंगची सुरुवात त्यानेच केली होती. असे आकडे असलेला माणूस आजारी कसा? मग आळस, नखरे, संघातला सहकारी पिचर नोलन रायन याला मिळालेल्या वर्षाला दहा लाख डॉलरच्या कराराची असूया, अशी कारणे शोधली गेली. धिप्पाड कृष्णवर्णीय खेळाडूला आळशी ठरवणे अमेरिकेत नेहमीच सोपे गेले आहे, हेही इथे विसरून चालणार नाही. त्याचे यशच त्याच्याविरुद्ध साक्ष देत होते.

यावर म्हणता येईल, की त्याची तपासणी झालीच होती. खरे आहे. जुलैमध्येच रुग्णालयात उजव्या हाताच्या धमनीत अडथळा सापडला. तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज नाही, असा निर्णय झाला. १९८० च्या वैद्यकाला आजच्या मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. पण या युक्तिवादाने फार तर डॉक्टरांचा बचाव होतो, टोमणे मारणाऱ्यांचा नाही. अडथळा सापडला तेव्हाच तक्रार खरी ठरली होती. कोपराच्या दुखण्याला बेसबॉलने असे खोटे मानले नव्हते: १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोबने पिचर टॉमी जॉनच्या कोपराची शस्त्रक्रिया केली आणि १९७७ मध्ये जॉन २० सामने जिंकला. त्या दुखण्याला ओळखीचे कारण होते, ओळखीचा उपाय होता. निर्जीव पडणाऱ्या, बधिर हाताला दोन्ही नव्हते. मग रिचर्ड स्वतःच का खेळत राहिला? विश्रांती मागितली की कामचुकार ठरणाऱ्या माणसापुढे दुसरा पर्याय तरी कोणता उरतो!

पुनरागमनाचे प्रयत्न फसले आणि १९९४ साली तो ह्यूस्टनमध्ये एका पुलाखाली राहत होता. ३१३ चा संघविक्रम मात्र गेरिट कोलने २०१९ साली ३२६ स्ट्राइकआउट घेईपर्यंत, चाळीस वर्षे अबाधित राहिला.