आजीबाईंना विचारलेले प्रश्न

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक. रमाबाई त्यांना पत्रांत मायेने ‘आजीबाई’ म्हणत.

माया होती, पण मुकाट आज्ञापालन नव्हते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच हा त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये नेमका कुठे आहे, हे त्या विचारत राहिल्या. इंग्लंडमधल्याच चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांनी म्हणताच त्या संतापल्या. ब्राह्मणी पुरोहितशाहीतून सुटलेल्या या बाईला दुसरी पुरोहितशाही नको होती.

श्रद्धा मात्र ढळली नाही.

पुढे भारतात परतल्यावर केडगावला त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते भाषांतर पूर्ण झालेले होते.