बॉयलर रूममधली पांढरी पूड

आमच्या आबांनी अंजदीव बेट कधी पाहिलंच नाही. १८ डिसेंबर १९६१च्या सकाळी नौसैनिक त्या बेटावर उतरत होते आणि आयएनएस म्हैसूर तोफांचा मारा करून त्यांना आडोसा देत होती, तेव्हा आबा त्याच जहाजाच्या पोटात, बॉयलर रूममध्ये होते. दापोलीकडच्या आमच्या घरात दर डिसेंबरात गोवामुक्तीची गोष्ट निघायची. पडवीत बसलेली मंडळी तोफांचं विचारायची आणि आबा धुळीचं सांगायचे. "वर तोफ वाजली की खाली आमच्या डोक्यावर पांढरी पूड गळायची. मानेवर, चहाच्या मगात. बोटानं बाजूला सारायची आणि चहा प्यायचा."

ती पूड ॲस्बेस्टॉसची होती, हे कळायला आम्हाला त्रेचाळीस वर्षं लागली.

म्हैसूर ही मुळात ब्रिटिशांची युद्धनौका. दुसऱ्या महायुद्धात ती 'नायजेरिया' या नावानं लढली, १९५७ साली आपल्या नौदलात आली आणि १९८५ साली निवृत्त झाली. वाफेवर चालणाऱ्या त्या काळच्या जहाजांत बॉयलर, टर्बाइन, वाफेचे नळ, सगळं ॲस्बेस्टॉसनं मढवलेलं असे. बॉयलरवर राबणारे स्टोकर त्याला लॅगिंग म्हणत. आबा ते काम हातवारे करून दाखवायचे. व्हॉल्व्ह गळायला लागला की जुनं लॅगिंग हातोडीनं फोडून काढायचं. बादलीत भुकटी कालवायची, लापशीइतकी घट्ट झाली की नळावर हातानं थापायची आणि वरून कापड गुंडाळायचं. आजी चूल लिंपायची, अगदी तसं. तोंडाला फडकं बांधा, असं कुणी सांगितलं नव्हतं.

मुंबईत बिऱ्हाड होतं तेव्हाचं आजीही सांगायची : "ह्यांची डांगरी झटकली की मोरीत पीठ सांडल्यासारखं व्हायचं." घरच्या माणसाचे असे कपडे धुऊन आजारी पडलेल्या बायकांच्या नोंदी जगभर आहेत. आजी वाचली. का वाचली, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आबा म्हैसूरवर होते त्याच सुमारास, १९६० साली, वॅग्नर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ॲस्बेस्टॉस खाणींच्या मुलखातले ३३ रुग्ण जगापुढे ठेवले. आजार होता मेसोथेलिओमा, फुप्फुसावरच्या आवरणाचा कर्करोग. डोळ्यांना न दिसणारा तंतू श्वासातून आत जातो, आवरणात रुततो आणि वीस ते पन्नास वर्षं गप्प बसतो. माणूस नोकरी संपवून गावी येतो, आंब्याची कलमं लावतो, नातवंडं खेळवतो आणि मग एक दिवस त्याला जिना चढवत नाही.

२००४च्या पावसाळ्यात आबांच्या छातीत पाणी झालं. पाणी काढलं, पुन्हा भरलं. तीन महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. किती डॉक्टरांनी तपासलं, पण नोकरी कुठे केलीत, हे कुणी विचारलं नाही. शेवटी तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल आल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आबा, तुम्ही काम काय करायचात?" आबा उशीला टेकून बसले आणि बादली, भुकटी, सगळं पुन्हा हातवाऱ्यांनी दाखवलं. हात थरथरत होते. आठ महिन्यांत ते गेले.

त्यांच्या हयातीत केलेला डिसॅबिलिटी पेन्शनचा अर्ज एका कार्यालयातून परत आला होता. आजाराचा नोकरीशी संबंध सिद्ध होत नाही, एवढीच ओळ. आबांच्या सर्व्हिस बुकात जहाजांची नावं होती. धुळीचा उल्लेख कुठेही नव्हता. आजीनं तो कागद ट्रंकेत ठेवला आणि आम्ही कुणीच पुढे लढलो नाही. याचं दुःख मला अजून आहे.

पुढे मी कायदा वाचत गेलो. कारखान्यातल्या कामगारासाठी भरपाईचा कायदा आहे. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. पण सैन्यदलातल्या माणसाला तो कायदा लागूच होत नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षं जपायला सांगितलं, तेही कारखान्यांना आणि खाणींना.

सैनिकाला वाट एकच : आजार नोकरीमुळे झाला किंवा बळावला, हे दाखवून पेन्शन मागायची. निवृत्तीनंतर उद्भवलेल्या आजारासाठीही दावा करता येतो. पण १९८२च्या पेन्शन नियमांनी त्याला काही वर्षांची मर्यादा घातली, आणि हा आजार मुळी तंतू शरीरात गेल्यावर वीस वर्षांच्या आत क्वचितच दिसतो! तरी दार बंद नाही. २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या कागदांवर आजाराची नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असंच धरायचं आणि शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. अर्ज नाकारला तर अपील आहे आणि त्यानंतर २००७च्या कायद्यानं आलेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण; त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. मृत्यू नोकरीशी जोडला गेला तर पत्नीला विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं.

ब्रिटनमध्ये १९८७पूर्वीच्या सेवेसाठी सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही. पण २०१६पासून मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकाला १,४०,००० पौंड एकरकमी घेता येतात. अमेरिकेतही सरकारवर खटला चालत नाही. तिथले नौसैनिक यंत्रं आणि लॅगिंग पुरवणाऱ्या कंपन्यांना कोर्टात खेचतात. आपल्याकडे या आजाराचं नाव घेऊन माजी सैनिकांसाठी अशी एकही योजना नाही. 'नायजेरिया'वर राबलेल्या गोऱ्या स्टोकरच्या छातीत आणि 'म्हैसूर'वर राबलेल्या आमच्या आबांच्या छातीत एकाच जहाजाची धूळ गेली. एकाच्या आजाराची त्याच्या देशानं रक्कम ठरवली, दुसऱ्याच्या आजाराची नोंदसुद्धा झाली नाही. हा अन्याय आहे आणि तो संसदेनं दूर करायला हवा.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. तुमच्या घरात वाफेच्या जहाजावर किंवा गोदीत काम केलेलं म्हातारं माणूस असेल तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. जहाज कोणतं, वर्षं कोणती, काम कुठल्या कप्प्यात, शेजारी कोण होतं, सगळं लिहून घ्या. खाली तारीख आणि सही घ्या. डिस्चार्ज बुकाच्या दोन प्रती काढा. दम लागत असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता नोकरीचं आपणहून सांगा. आबांचे एक सोबती चिपळूणला असतात, वय शहाऐंशी. गेल्या महिन्यात त्यांच्याकडून मी दोन पानं लिहून घेतली आहेत.