निम्मी उष्णता खरंच डोक्यातून जाते?

थंड पाण्यातल्या स्कूबा डायव्हिंगसाठी हूड निवडायला गेलात, की एक वाक्य हमखास ऐकाल: शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते. हे आलं कुठून? अमेरिकी लष्कराच्या १९७० च्या एका पुस्तिकेत ४० ते ४५ टक्के असा आकडा होता. २००८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका लेखाने या समजाचा माग एका जुन्या लष्करी प्रयोगापर्यंत नेला. त्यात माणसांच्या अंगावर ऊबदार पोशाख होता, डोकं तेवढं उघडं. मग उष्णता दुसरीकडून जाणार कुठून, सांगा बरं?

२००६ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ पुरुषांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पाणी १७ अंश सेल्सिअस. औषध देऊन कुडकुडणं थांबवलेलं. उघड्या अंगाने पाण्यात असताना डोकंही बुडवलं, तेव्हा बाहेर जाणारी एकूण उष्णता फक्त १० टक्क्यांनी वाढली.

म्हणजे हूड नको? थांबा. ३० मिनिटांत शरीराच्या आतलं तापमान डोकं बाहेर असताना सरासरी ०.८४ अंशाने उतरलं, डोकं बुडवल्यावर १.१७ अंशाने. संशोधकांचा अंदाज असा, की डोक्याला-मानेला गार लागल्यावर रक्तप्रवाह शरीराच्या कमी भागापुरता आखडतो आणि तेवढा भाग लवकर गार होतो.

तेव्हा हूड घ्याच. चेहऱ्याभोवती आणि मानेला नीट बसणारं, आत गार पाणी खेळू न देणारं. आणि पेपर वाचताना आधी बघा, नक्की मोजलंय काय? ‘उष्णता किती गेली’ आणि ‘शरीर आतून किती गार झालं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.